तडा पुढे सरकतो

बालाघाट म्हटलं की आधी मॅंगनीज आठवतं, मग मलाजखंडचं तांबं, मग साल आणि बांबूचं रान. नावा शेवटी आठवतात. पण नकाशा उघडला की जिल्ह्यात पाणी किती आहे ते दिसतं. सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याला उगम पावलेली वैनगंगा बालाघाट शहराला खेटून जाते. तिच्यावर वरच्या अंगाला सिवनीत भीमगढचं संजय सरोवर, जिल्ह्यातच ढुटीचा बंधारा आणि खाली भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसेखुर्द. कटंगीच्या बाजूला बावनथडीवरचा राजीव सागर मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोघांचा. बाघ नदी गोंदिया आणि बालाघाट या जिल्ह्यांमधली सीमारेषा बनून वाहते. शिवाय दोन्ही बाजूंनी तलाव.

ही सगळी पाणी एकमेकांना जोडलेली आहेत, पण नावेला चालेल अशी जोडलेली नाहीत. मध्ये धरणाची भिंत येते, उथळ रेती येते, उन्हाळा येतो. त्यामुळे एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर नाव जाते ती रस्त्याने. लाकडी डोंगा होता तोवर बंडीवर किंवा चार माणसांच्या खांद्यावर भागायचं. फायबरची चौदा-सोळा फुटी बोट, तिच्या मागे पन्नास-साठ किलोचं इंजिन आणि तेलाची टाकी आली की चाकं लागतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतचा काठ पाण्याखाली गेला. तशा दिवसांत बचावाची बोट आधी रस्त्यावरून धावते, तीही घाईत, खड्ड्यांतून. पुरात सापडलेल्या माणसाच्या दृष्टीने ट्रेलरची चौकट बोटीइतकीच महत्त्वाची असते.

बोटीचा ट्रेलर हा आपल्याकडे दुकानात जाऊन घ्यायचा माल फारसा झालाच नाही. तो घडतो ट्रॅक्टरची ट्रॉली, घराचं फाटक आणि खिडकीची ग्रिल जिथे घडते त्याच फॅब्रिकेशनच्या दुकानात. दोन लांब चॅनेल, मध्ये चार-पाच आडवे अँगल, भंगारातून उचललेला एखाद्या गाडीचा अ‍ॅक्सल, दोन पाटे, पुढे ओढायची दांडी आणि हुक. मागे फळ्यांवर रबर ठोकून बोटीला टेकायची जागा. कारागीर हुशार असतो, हात सफाईचा असतो, ट्रेलर दिसतोही दणकट. आणि दोन-तीन पावसाळ्यांनी दांडी जिथे चौकटीला मिळते त्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसते. तडा.

मग दुरुस्ती होते. तडा वेल्डिंगने भरतात, त्यावर एक जाड पट्टी टाकतात, पट्टीच्या चारी बाजूंनी भरभक्कम वेल्डिंग मारतात. मालक लाथ मारून बघतो, समाधान होतं. पुढच्या वर्षी तडा परत येतो. या वेळी पट्टीच्या खाली नाही, पट्टी जिथे संपते तिथे. मग आणखी मोठी पट्टी. जुन्या झिरझिरीत कापडाला नव्या जाड कापडाचं ठिगळ लावलं की ते ठिगळाच्या कडेने फाटतं, त्यातलाच हा प्रकार. चौकट मजबूत करणं म्हणजे लोखंड वाढवणं, हा समज या सगळ्याच्या मुळाशी आहे. लोखंड किती वाढवलं याला फार अर्थ नसतो. ते कुठे घातलं, कोणत्या आकाराचं घातलं आणि ते संपतं कसं, यावर सगळं ठरतं.



आधी एक सोपं गणित. ते नीट कळलं की दुकानात घासाघीस करताना उपयोगी पडतं.

समजा, बोटीसह ट्रेलरचं वजन पाचशे किलो आहे आणि त्यातलं पन्नास किलो हुकावर येतं. हा दहावा हिस्सा हुकावर असणं बरंच असतं. हुक फार हलका राहिला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. हुकापासून चौकटीपर्यंत दांडीची लांबी एक मीटर वीस सेंटिमीटर. खड्ड्यात आदळताना भार क्षणभर तिप्पट होतो असं धरू. म्हणजे दांडीच्या मुळाशी वाकवणारा जोर ५० गुणिले १२० गुणिले ३, अठरा हजार किलो-सेंटिमीटर.

दांडी ७५ मिलिमीटरच्या चॅनेलची असेल तर तिची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता कोष्टकात २०.३ घन सेंटिमीटर अशी दिलेली असते. भागाकार केला की ताण येतो दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८९० किलो. साधं बांधकामाचं पोलाद, ज्याला आपल्याकडे आयएस २०६२ चा ई २५० दर्जा म्हणतात, ते कायमचं वाकायला लागतं २,५५० किलोच्या आसपास. म्हणजे हाताशी जवळपास तिप्पट शिल्लक. मग तडा का जातो, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू.

आता हीच दांडी जोरकस करायची आहे. पहिला मार्ग नेहमीचा: चॅनेलच्या उभ्या बाजूला ७५ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड पट्टी चिकटवायची. दर मीटरला जवळपास तीन किलो लोखंड वाढतं आणि क्षमता वाढते तेवीस टक्के. दुसरा मार्ग: ७५ ऐवजी १०० मिलिमीटरचा चॅनेल घ्यायचा. दर मीटरला वजन सातवरून साडेनऊ किलोवर जातं, म्हणजे पट्टीपेक्षा कमीच वाढ. आणि क्षमता होते ३७.३, चौऱ्याऐंशी टक्के जास्त. ताण ८९० वरून ४८० च्या घरात उतरतो. लोखंड कमी, फायदा साडेतीन पट. उंची वाढवली की ताकद वाढते, जाडी वाढवून ती त्या मानाने वाढत नाही. घराच्या छताची बल्ली आडवी न टाकता उभी टाकायची, हे सुताराला कोणी कोष्टकातून शिकवलेलं नाही.



आता बाजूला ठेवलेला प्रश्न. तिप्पट शिल्लक असताना लोखंड तुटतं कसं?

हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या आवाजात विचारला गेला तो रेल्वेमुळे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आख तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. दक्षिण ध्रुवाकडे मोहिमा नेलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्युरव्हिल त्यातच सहकुटुंब मेला. तो आख काही अतिभाराने मोडला नव्हता. पुढे प्रशियाच्या रेल्वेत काम करणाऱ्या आउगुस्ट व्होलर या अभियंत्याने वर्षानुवर्षं आख यंत्रावर फिरवून दाखवलं की एका झटक्यात जो भार लोखंड सहज पेलतं, त्याच्या कितीतरी कमी भार लाखो वेळा दिला तर ते तुटतं. लोखंड थकतं.

वेल्डिंग केलेल्या सांध्याबाबत हे थकणं फार कडक हिशेबाने चालतं. ताण निम्मा केला तर आयुष्य दुप्पट नाही, साधारण आठ पट होतं. ताणाच्या घनाच्या प्रमाणात. वरच्या दांडीचा ताण ८९० वरून ४८० वर आला, म्हणजे आयुष्य सहा पटींच्या पुढे गेलं, फक्त चॅनेल बदलून. उलटही तितकंच खरं. गंजून पत्र्याची एक तृतीयांश जाडी गेली की ताण दीडपट होतो आणि उरलेलं आयुष्य तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

आणखी एक गोष्ट कारागिरांनाही सांगितली तर खरी वाटत नाही. थकण्याच्या बाबतीत वेल्डिंगच्या सांध्याला भारी पोलादाचा जवळजवळ काही उपयोग नसतो. उंची पोलाद आणा किंवा साधं, वेल्डिंग जिथे संपून मूळ धातूला मिळतं त्या काठावर सूक्ष्म खाच राहतेच, आणि तडा तिथूनच निघतो. आडवी पट्टी टाकून तिच्या टोकाला आडवं वेल्डिंग मारलं की त्या रेषेवरची थकव्याची क्षमता कोऱ्या लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणजे पट्टीने तिच्याखालचा भाग वाचवला, आणि तिच्या टोकाशी पूर्वी नव्हती अशी कमकुवत रेघ तयार केली. मालकाने दुसऱ्या वर्षी बघितलेला तडा तिथलाच.



जगातल्या सर्वांत प्रसिद्ध तडकलेल्या चौकटी जहाजांच्या होत्या, आणि त्यांची कहाणी फिरून मॅंगनीजपाशी, म्हणजे बालाघाटच्या पोटातल्या मालापाशी येते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिव्हेट सोडून वेल्डिंगने जहाजं बांधायला घेतली. वेग प्रचंड; लिबर्टी जातीची मालवाहू जहाजंच २,७०० च्या वर बांधली. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला ‘स्कनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेलं असताना, शांत पाण्यात, मोठा आवाज करून मधोमध फाटलं. फक्त तळाचे पत्रे धरून राहिले. समुद्रातल्या चाचण्या नुकत्याच आटोपल्या होत्या, वादळ नव्हतं, युद्धाचा मारा नव्हता. थंडी मात्र होती. आश्चर्य असं की ते दुरुस्त होऊन त्याच वर्षी परत कामाला लागलं.

चौकशांतून जे निघालं त्यातल्या तीन गोष्टी ट्रेलर बांधणाऱ्यानेही लक्षात ठेवाव्यात. लिबर्टी जहाजांवर डेकवरच्या मालाच्या तोंडाचे कोपरे काटकोनी होते, आणि ताण कोपऱ्यात गोळा होतो. बरेच तडे तिथूनच निघाले. दुसरं, रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेपर्यंत धावतो आणि थांबतो, कारण पुढचा पत्रा वेगळा असतो. वेल्डिंगने सगळं जहाज एकच पत्रा झाल्यामुळे तड्याला अडवणारं काही उरलं नाही. तिसरं, ते पोलाद थंडीत काचेसारखं ठिसूळ होत होतं. केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर या धातुशास्त्रज्ञ बाईंनी हे ठिसूळपण वेल्डिंगचं नसून मूळ पोलादाचं आहे हे दाखवून दिलं. उपाय तिन्हींवर झाले: कोपरे गोल केले, तडा अडवण्यासाठी डेकवर मुद्दाम रिव्हेटच्या पट्ट्या घातल्या, आणि पुढच्या काळात जहाजाच्या पोलादात कार्बनच्या मानाने मॅंगनीज वाढवलं. मॅंगनीज पोलादाला चिवट करतं, आणि त्यातल्या गंधकाला धरून ठेवतं.

भरवेलीची खाण बालाघाट शहराला लागून. आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मॅंगनीज खाणींमध्ये तिची गणना होते. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रज कंपनी १८९६ मध्ये या पट्ट्यात उतरली. आज खाण चालवते ती नागपुरात मुख्यालय असलेली मॉइल, आणि भरवेलीलाच तिचा फेरोमॅंगनीजचा कारखानाही आहे. दुकानातल्या वेल्डिंग रॉडवर जो राखाडी लेप असतो त्यातही थोडं फेरोमॅंगनीज असतं; वितळलेल्या धातूत शिरलेला प्राणवायू ते ओढून घेतं. बालाघाटचा वेल्डर रोज आपल्या जिल्ह्याची माती जाळतो, असं म्हणायला हरकत नाही.

मात्र थंडीच्या ठिसूळपणाची भीती वैनगंगेकाठी बाळगायचं कारण नाही. इथला शत्रू थकवा आणि गंज.



तडा शोधण्यापासून सुरुवात करावी, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. बाजारात तीन डब्यांचा संच मिळतो: एका फवाऱ्याने साफ करायचं, दुसऱ्याने लाल रंग मारायचा, तिसऱ्याने पांढरी भुकटी. त्याच्या आधीच्या काळात रेल्वेच्या कारखान्यांत हेच काम तेल आणि खडूने व्हायचं, आणि ती रीत अजूनही फुकट आहे.

दांडीचा कोपरा रंग काढून उघडा करायचा. तारेच्या ब्रशने घासायचा, पण ग्राइंडरने नाही. ग्राइंडर लोखंडाचा वरचा थर लोळवून तड्याचं तोंडच बंद करतो. मग रॉकेल किंवा डिझेल फडक्याने चोपडायचं आणि पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं. फडक्याने अगदी कोरडं पुसायचं. त्यावर खडूची पूड पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये कालवून पातळ हात द्यायचा आणि वाळू द्यायचं. पांढऱ्यावर हळूहळू एक ओली काळपट रेघ उमटते. तड्यात शिरलेलं तेल खडू बाहेर ओढतो. हातोडीने चॅनेलला बाजूला दोन टोले दिले तर ती आणखी स्पष्ट होते. रेघ जिथे संपलेली दिसते त्याच्या थोडं पुढे खरं टोक असतं, हे धरून चालायचं.

त्या टोकावर पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडतात. लोखंडात भोक पाडून लोखंड वाचवायचं हे विचित्र वाटतं, पण तड्याचं टोक सुईपेक्षा तीक्ष्ण असतं आणि सगळा ताण तिथे साठतो. भोकाने ते टोक गोल होतं. मग तड्याची दोन्ही बाजूंनी व्ही आकारात खाच काढून, तळापर्यंत पोचेल असं वेल्डिंग. इथे दुकानात ज्याने ग्रिल जोडतात तो ६०१३ चा रॉड घेण्यापेक्षा ७०१८ चा घ्यावा, आणि तो कोरडा ठणठणीत असावा. पावसाळ्यात उघड्या पडलेल्या पुड्यातला रॉड ओल धरतो, त्या ओलीतून हायड्रोजन धातूत शिरतो आणि दुरुस्तीच्या जागीच नवा तडा घेऊन बसतो. विजेचा दाब पडला असेल त्या दुपारी हे काम काढूच नये. वरून सुरेख दिसणारं वेल्डिंग आत चिकटलेलंच नसतं.

भरून झालं की वरचा उंचवटा घासून मूळ पातळीला आणायचा. उंच फुगलेलं वेल्डिंग म्हणजे ताकद, ही दुकानातली आणखी एक गोड समजूत.

त्यानंतर पट्टी लावायचीच असेल तर ती चॅनेलच्या मूळ जाडीपेक्षा जाड नको. टोकं चौकोनी न कापता पतंगासारखी निमुळती कापावीत, म्हणजे ताण एकदम न चढता हळूहळू चढतो. वेल्डिंग पट्टीच्या लांबीच्या बाजूंनी मारावं आणि अगदी टोकाला आडवी रेघ मारायचा मोह टाळावा. पट्टीची जागा चॅनेलच्या उभ्या भागाच्या मध्याजवळ निवडली तर उत्तम, कारण वाकताना तिथे ताण जवळजवळ शून्य असतो. वरच्या आणि खालच्या आडव्या पाकळ्या सगळा भार उचलतात; तिथे वेल्डिंग नको, भोक तर नकोच नको. ट्रकची चेसिस जवळून पाहिली तर मोठे कारखाने हे किती पाळतात ते दिसतं: लांब चॅनेलला आडवे तुकडे रिव्हेटने किंवा बोल्टने जोडलेले, आणि पाकळीवर शक्यतो काही नाही. अ‍ॅक्सल पाट्याला बांधायला यू-बोल्ट वापरतात ते याच कारणाने. लोखंडाला भोक न पाडता ते आवळता येतं.

कोणती पाकळी जास्त जपायची? हुकापासून चाकांपर्यंत चौकट खाली झोळते, म्हणून तिथे मुख्यतः खालची पाकळी ताणली जाते. चाकांच्या वर आणि मागे, जिथे इंजिन लोंबतं, तिथे उलट होतं आणि वरची ताणली जाते. डोळ्याला दिसते ती वरची बाजू, त्यामुळे पुढच्या दांडीलाही पट्ट्या वरूनच चढतात. खाली वाकून बघायचा कंटाळा ट्रेलरला महागात पडतो.



वाकणं एक, पिळणं दुसरं. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं डांबरावर असलं की चौकट पिळते, आणि इथे चॅनेल अगदी दुबळा ठरतो. ७५ बाय ७५ ची, तीन मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी घ्या. पिळण्याला ती जितका विरोध करते, तितका विरोध तीच नळी एका बाजूने लांबीभर चिरली तर राहत नाही. तो चारशे पटींहून जास्त घटतो. लोखंड तेवढंच, वजन तेवढंच, फक्त बंद घेर उघडा झाला. चॅनेल म्हणजे जन्मतःच उघडा घेर.

म्हणून पिळणाऱ्या चौकटीला अँगलचे तुकडे जोडत राहून फारसं काही साधत नाही. पाट्यांचे आधार जिथे येतात तिथे आरपार एक जाड चौकोनी नळी घातली, तर चारपाच अँगलांपेक्षा ती एकटी जास्त काम करते, शिवाय पाट्यांतून येणारा धक्का एका चॅनेलवर न राहता दोन्हींत वाटला जातो. दांडी एकाऐवजी इंग्रजी ए अक्षरासारखी दोन बाहूंची केली आणि बाहू चौकटीच्या पहिल्या आडव्यावर न थांबवता दुसऱ्यापर्यंत मागे नेले, तर मूळचा कुप्रसिद्ध कोपरा बराचसा मोकळा होतो.

पण चौकट पूर्ण ताठ करणं हा एकच मार्ग नाही. बैलगाडीकडे बघा. वैदर्भी बंडीची साटी, दांडी, आख हे सगळं खुंट्या, पाचरा आणि दोरांनी धरलेलं असतं. चालताना ती कुरकुरते, हलते, पिळते, आणि त्यामुळेच कुठल्या एका सांध्यात ताण साठत नाही. धान भरून नाल्यातून निघणाऱ्या बंडीत ताठ म्हणावा असा एकही सांधा नसतो. बोल्टने जोडलेल्या ट्रेलरात या शहाणपणाचा थोडा अंश असतो. त्यात तडा एका तुकड्यात राहतो आणि तो तुकडा बदलता येतो. बोल्ट मात्र तपासावे लागतात.

वाईट ती अर्धवट अवस्था: बाकी चौकट लवचिक आणि मध्ये एकच भाग दगडासारखा ताठ. सगळं पिळणं त्या ताठ भागाच्या काठावर येऊन थांबतं. आणि इथे एक पाहुणा भिडू असतो ज्याचा विचार कोणी करत नाही, खुद्द बोट. चार ठिकाणी पट्ट्यांनी घट्ट आवळलेली फायबरची बोट चौकटीहून ताठ असते. मग चौकटीऐवजी बोटच पिळण्याला विरोध करते आणि तळाला सूक्ष्म चिरा पडतात, ज्या पाण्यात उतरल्यावर कळतात. तळाच्या कण्याखाली लांब फळी, दोन्ही बाजूंना रबर लावलेल्या लांब फळ्या, म्हणजे भार दोन बिंदूंवर न येता फूटभर रुंदीत पसरतो. पट्ट्यांनी बोट उडू नये इतकं धरायचं, चौकटीशी एकजीव करायचं नाही.

वेल्डिंग थंड होताना लोखंड आखडतं आणि चौकट वाकडी करतं, हेही विसरू नये. एका बाजूचं सगळं वेल्डिंग एका दमात उरकलं तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि टायर एका हंगामात खातो. आधी सगळीकडे टाके घालून घ्यायचे, मग समोरासमोर आलटूनपालटून थोडं थोडं भरायचं. मध्येच सुतळी घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे, तर चौकट काटकोनात. हुकापासून दोन्ही चाकांचं अंतरही तसंच सुतळीने.



वैनगंगेचं पाणी गोडं. कोकणात खाडीच्या पाण्यात उतरणाऱ्या ट्रेलरच्या मानाने इथला गंज हळू चालतो, पण तो आतून चालतो. नळीची तोंडं उघडी राहिली तर घाटावर मागे लोटताना नळीत पाणी आणि गाळ शिरतो आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतो. बाहेरून रेड ऑक्साइड आणि वरून निळा रंग चकचकीत, आतून पत्रा अर्धा. एक तर टोकं पक्की हवाबंद करावीत, नाही तर तळाला बोटभर भोकं पाडून पाणी वाहू द्यावं. भोकं पाडायची ती नळीच्या कमी ताणाच्या जागी, कोपऱ्यात नाही. जस्ताच्या कढईत बुडवून गॅल्वनाइज करायचं असेल तर बंद नळी चालतच नाही; साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात आतली हवा आणि ओल फुगून नळी बॉम्बसारखी फुटते, म्हणून हवेला वाट ठेवावीच लागते. आणि गॅल्वनाइज केलेल्या चौकटीवर नंतर वेल्डिंग करायचं झालं तर आधी जस्त घासून काढावं, दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जुने वेल्डर त्यावर गूळ-दूध सांगतात, पण धूर न घेणं जास्त स्वस्त.

कागदाचाही एक प्रश्न आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे घरी घडवलेली, स्वतःचं इंजिन नसलेली ही दोन चाकं कायद्याच्या लेखी मोटारच, आणि सार्वजनिक रस्त्यावर आणायची तर नोंदणी लागते. चौकट मजबूत करताना वजन आणि मांडणी बदलली असेल तर कलम ५२ चा वाहनातल्या बदलांविषयीचा भाग वाचून ठेवणं बरं. अपघातानंतर विम्याच्या कचेरीत तो कुणीतरी वाचतोच.

दुरुस्त ट्रेलर पहिल्यांदा निघताना बोट चढवू नये. रेतीची पोती चढवावीत. वजन मोजून, हुकावरचा दहावा हिस्सा साधून, बालाघाटहून वारासिवनीपर्यंत एक फेरी आणि परत. पोती काढायच्या आधी खाली वाकून यू-बोल्टचे नट पान्याने पाहायचे, कारण नवे पाटे बसले की ते थोडे सैल होतातच. मग चाकांच्या डब्यांना हात लावून बघायचा. एक डबा दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग आवळलेलं तरी आहे किंवा अ‍ॅक्सल तिरका. आणि तापलेला डबा तसाच थंड पाण्यात उतरवायचा नाही, आतली हवा आकसून सीलमधून पाणी ओढून घेते. घाटावर पोचल्यावर अर्धा तास चहा घ्यायला यापेक्षा चांगलं कारण मिळणार नाही.